नमुन्याची सुई

माझ्या थोरल्या दिरांनी मला फसवलं. खंडेनवमीच्या पूजेत ठेवलेली माझी नमुन्याची सुई त्यांनी उचलली, तिच्या जागी दुसऱ्याच मशीनची सुई ठेवली, आणि त्या एका सुईपायी माझी मशीन माझ्या हातून गेली. हे मी आधीच सांगून टाकते. पोटात ठेवून ठेवून शेवटी सांगणं मला जमत नाही.

एवढं लिहिलं की राग यायला हवा, आणि तो येतोच. पण त्या दिवसांकडे वळून पाहिलं की राग मागून येतो. आधी दिसतो तो हिरवा उजेड.

पन्नास सालानंतरची ती वर्षं. पिंपरी म्हणजे तेव्हा नुसता माळ होता. एका अंगाला औषधांचा नवा कारखाना उभा राहत होता, दुसऱ्या अंगाला फाळणीनंतर आलेल्या सिंधी लोकांचा कँप, आणि मधे बाभळी, वारा आणि आम्ही. आमचे हे त्या कारखान्यात बाटल्या धुण्याच्या खात्यात लागले होते. आमची पत्र्याची एक खोली होती आणि तिच्यापुढे मी बांबू रोवून एक मांडव घातला होता. त्या मांडवात माझी मशीन. मी ताडपत्र्या शिवायची. बैलगाड्यांवरच्या, ट्रकवरच्या, खळ्यावर धान्य झाकायच्या. ताडपत्रीचं वजन असं असतं की मधली शिवण घालताना ते कापड सुई ओढून वाकडी करतं. म्हणून मी सगळी ताडपत्री मांडवाच्या आडव्या बांबूवरून टाकायची आणि तिच्या पोटात शिरून बसायची. दिवसाचं ऊन त्या हिरव्या मेणकापडातून गाळून आत यायचं. हात हिरवे, दोरा हिरवा, मशीनचं काळं अंगही हिरवं. पवनेच्या डोहात डोळे उघडून बसावं तसं वाटायचं. बाहेरून मुंबई रस्त्यावरच्या ट्रकची घरघर यायची, पण पाण्यातून ऐकू यावी तशी, लांबची. पायाखाली मशीनची पावडी हलत राहायची आणि मी निम्मी जागी, निम्मी कुठंतरी दुसरीकडेच असायची. तशी गाढ विश्रांती मला पुढं कुठल्याच बिछान्यात मिळाली नाही.

मशीन युद्धाच्या काळातली. तंबू शिवून शिवून म्हातारी झालेली. थोरले भावजी लष्कराच्या डेपोत तंबू दुरुस्तीच्या कामाला होते. लिलावात जुनी यंत्रं निघाली तेव्हा त्यांनी ही उचलली आणि चाकणच्या घरी गोठ्यात नेऊन टाकली. लग्न होऊन मी त्या घरात आले तेव्हा तिच्यावर कांद्याच्या पाती वाळत घातलेल्या असत. माझं माहेर नगरकडचं, हातात शिवणकाम होतं, आणि पडून राहिलेली वस्तू मला बघवत नाही. सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणायचो. आमच्या ह्यांना पिंपरीला नोकरी लागली तेव्हा मी आत्याबाईंना म्हटलं, "दागिना नको, भांडी नकोत. वेगळं बिऱ्हाड थाटायला ती गोठ्यातली मशीन द्या."

"घेऊन जा की," त्या म्हणाल्या. "उंदरांनी तरी किती दिवस वापरायची?"

भावजी हसले होते. "त्या धुडाला चार गडी लागत्यात उचलाया. ही पाय तरी पोचवील का?"

माझे पाय पोचले. आणि खरं ते लिहायला हवं, शिकवलं मला त्यांनीच. रविवारी पिंपरीला यायचे, मशीन उघडायचे, आतली होडीसारखी शटल कशी पुढं-मागं जाते ते दाखवायचे. सुई कापडातून खाली जाते, परत वर यायला निघते, तेव्हा दोऱ्याचा एक लहानसा फास तयार होतो. शटलच्या टोकानं तेवढ्यात त्या फासात घुसायचं असतं. निमिषाचा खेळ. सुई तिळाएवढी आखूड असली तरी फास चुकीच्या जागी पडतो आणि टाका सुटतो. तिळाएवढी लांब असली तर शटलवर आपटून मोडते.

"मशीन म्हातारी झाली तरी तिचं वळण बदलत न्हाई," भावजी म्हणायचे. "तिला तिच्याच घरची सुई लागती. दुसऱ्या घरची दिसायला बहीणच असती, पर नांदत न्हाई."

आणि तिच्या घरच्या सुया मिळेनात. ती बनवणारी कंपनी कुठल्या देशातली हे पत्र्यावरची अक्षरं झिजल्यामुळं कळायचं नाही. सुईवरचा नंबरही धरवत नसे, कारण एकाच नंबरच्या सुया दोन कारखान्यांच्या दोन तऱ्हा. म्हणून डेपोतल्या तंबूवाल्यांची एक रीत होती, ती भावजींनी मला लावून दिली. एक कोरी, कधीही न वापरलेली सुई नमुना म्हणून ठेवायची. मेणाच्या गोळीत खोचून, डबीत. ती मशीनला कधी लावायची नाही. बाजारात जायचं ते तिला घेऊन. दुकानदाराची सुई आणि आपली सुई, दोघींच्या नेढ्यांतून एकच बारीक तार ओवायची, तार ताठ धरायची आणि वरची टोकं एका रेषेत येतात का ते बघायचं. नेढं ते वरचं टोक, हेच माप खरं. बाकी जाडी, खाच, अणी, हे सगळं नंतर.

दुसरी रीत अशी की खंडेनवमीला मशीनला सुट्टी. त्या दिवशी तिच्यातली सुई काढून तिला मोकळी ठेवायची. वर्षभरात झिजलेल्या सुया रस्त्यावर फेकायच्या नाहीत, अनवाणी पायात जातात. त्या नदीत सोडायच्या. मी पवनेच्या घाटावर जायची. पाण्यात हात बुडवून मूठ उघडली की सुया एकदम चमकायच्या, मासळीचं पिल्लू वळावं तशा, आणि नाहीशा व्हायच्या. मला ते फार आवडायचं. वर्षभर ज्यांनी बोटं फोडली त्यांना निरोप द्यायचा दिवस.

नमुन्याची सुई मात्र चाकणला जायची. घरच्या सगळ्या हत्यारांची पूजा थोरल्या घरी घटापुढं होई. नांगराचा फाळ, कोयते, विळे, आत्याबाईंचा अडकित्ता, भावजींची तंबू कापायची कात्री. एवढी मोठी मशीन कोण नेणार? तिच्या वतीनं सुई. रात्रभर ती देवापुढं राहायची आणि दसऱ्याला सकाळी जाऊबाई ती माझ्या हातात परत द्यायच्या.

आता जाऊबाईंबद्दल. माझ्याहून आठदहा वर्षांनी मोठ्या. बोलणं कमी, हात सारखा कामात. मी त्या घरात तापट म्हणून बदनाम होते, पण त्यांच्यावर मी एकदाही आवाज चढवला नाही. नवी नवरी होते तेव्हा माझ्या वाटणीचं दळण त्यांनी कितीदा तरी गुपचूप उरकलं होतं. त्या मला "धाकटे" म्हणायच्या. ती हाक इतकी मऊ असे की माझं डोकं तापलेलं असलं तरी निवायचं.

माझं काम वाढत गेलं. मी भांडून काम घेई आणि भांडून मेणकापड घेई. गाडीवाले म्हणायचे, बाई घासाघीस फार करते, पण शिवण घालते ती ओढून फाटत नाही. बोलता बोलता चाकणच्या कांद्याच्या आडत्यांपर्यंत माझं नाव गेलं. तिथंच बिनसलं. भावजींना डेपोची नोकरी सोडून चाकणला ताडपत्रीचं दुकान घालायचं होतं. गोठ्यातली मशीन आता त्यांना आठवली.

नवरात्राच्या आधी आम्ही घरी गेलो तेव्हा त्यांनी आत्याबाईंपुढं विषय काढला. "मशीन घरची हाय. वापरायला दिली व्हती, आंदण न्हाई."

"दिली ती दिली," मी म्हटलं. "गोठ्यात होती तेव्हा कुठं होतं घर?"

"बघा, बघा कशी बोलती!"

आमचे हे खाली मान घालून बसले होते. ह्यांचा स्वभाव असा की घराला आग लागली तरी आधी चपला जागेवर लावतील. शेवटी आत्याबाईंनी निवाडा केला. मोठ्या आडत्यांच्या गाड्यांच्या ताडपत्र्या मी घेतल्याच होत्या. दिवाळीपर्यंत त्या द्यायच्या होत्या. आत्याबाई म्हणाल्या, "ते काम नीट गेलं तर मशीन तिची, कुणी तोंड उघडायचं न्हाई. एक जरी ताडपत्री परत आली, तर मशीन ह्या घरी येईल. तिनंबी मग तोंड उघडायचं न्हाई."

मी हो म्हटलं. का नाही म्हणू? माझ्या शिवणीवर मला स्वतःपेक्षा जास्त भरवसा होता. आणि वेगळं बिऱ्हाड मी त्या मशीनवर उभं केलं होतं. ती गेली असती तर मी पुन्हा चाकणच्या चुलीपुढं जाऊन बसणार, हे मलाही ठाऊक होतं आणि त्यांनाही.

खंडेनवमीला मी रीतीप्रमाणं सगळं केलं. झिजलेल्या सुया पवनेत सोडल्या. मशीन मोकळी केली. तिच्यातली शेवटची सुईही बोथट झाली होती, तीही पाण्यात गेली; ताडून बघायला मागं एकही सुई उरली नाही. नमुना घेऊन भोसरीहून एसटीनं चाकणला गेले. मोशीजवळ इंद्रायणीवर धुकं होतं आणि पुलावरून जाताना बस ढगातून चालल्यासारखी वाटली. मांडीवरच्या डबीवर मी हात ठेवून बसले होते. आता वाटतं, त्या धुक्यातून आम्ही परत बाहेर आलोच नाही. पुढचं सगळं त्यातच घडलं.

दसऱ्याला सकाळी जाऊबाईंनी डबी माझ्या हातात दिली. आत मेणाच्या गोळीत सुई, वर हळदकुंकू, भोवती झेंडूच्या पाकळ्या. मी डोक्याला लावली आणि कमरेला खोचली.

मी आयुष्यात काहीही न तपासता घेतलेलं नाही. भाजीवाल्याची कोथिंबीर मी जुडी सोडून बघते. माहेरहून आलेल्या तुपाचा वास घेतल्याशिवाय मी ते ठेवून घेतलं नाही. पण देवापुढून आलेली वस्तू पारखायची नसते. प्रसादाचा नारळ हलवून बघतं का कुणी? आमच्याकडं ते पाप धरतात. भावजींना हे माहीत होतं. नमुन्याची रीत त्यांनी शिकवलेली, मोकळ्या मशीनची रीत त्यांनी शिकवलेली, आणि देवाची रीत दोघांनाही जन्मापासूनची. तिन्हींची गाठ त्यांनी मारली. हिशेबी माणूस म्हणून मी त्यांना मानते.

दुसऱ्या दिवशी मी कँपात गेले. तिथं एक सिंधी चाचा बाजेवर जुन्या मशीनींचे सुटे भाग मांडून बसायचे. कराचीला त्यांचं मोठं दुकान होतं म्हणे. इथं एक बाज आणि वर चादरीची सावली. आमचं जुळायचं, कारण घासाघीस त्यांनाही जेवणाइतकी प्रिय होती. मी डबी उघडली. कुंकू पुसायला मन होईना, म्हणून तसंच तार ओवून मापं लावू लागले. दर वेळी त्यांच्या ढिगातून दोनचार जुळायच्या. या वेळी एक अख्खं पुडकं जुळलं. मी हरखले. हरखले तरी तोंडावर काही दाखवलं नाही. काचेच्या तुकड्यावर एकेक सुई फिरवली. जी डगमगली ती बाजूला. अणीवरून नख ओढलं. नेढ्यात दोरा घालून पुढं-मागं ओढला. ज्या सुईनं दोऱ्याला लव काढली तीही बाजूला. मग भावावर आले.

चाचा नमुना हातात घेऊन उन्हाला धरून बघत होते. "बहनजी, ये उसी बड़ी मशीन का है?"

"मग काय माझ्या नाकातलं आहे?"

"पहले जो लेती थीं आप, वो कुछ और थी। मेरे हाथ को याद है।"

"तुमच्या हाताला आठवतं, आणि माझी सुई खोटी? भाव वाढवायचा असेल तर सरळ सांगा, चाचा. हाताला मधे घालू नका."

"भाव की बात नहीं। एक ले जाओ, चला के देखो।"

"एक नेईन आणि उद्या तुम्ही म्हणाल पुडकं विकलं गेलं. हे धंदे मला शिकवू नका."

ते हसले, खांदे उडवले. "सब ले जाओगी तो वापस नहीं लूँगा।"

"परत द्यायला आणणार आहे कोण!"

त्या दिवशीचा सौदा मी असा केला की बाजूचा कपबशीवाला उठून बघायला आला. चाचांनी शेवटी कानाला हात लावला. पुडकं पदरात बांधून मी बाभळींच्या मधून घरी निघाले तेव्हा पाय जमिनीला लागत नव्हते. त्या वाटेचा तेव्हाचा वाससुद्धा मला आठवतो, बाभळीच्या फुलांचा, गोडसर. माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला सौदा आणि तो चुकीच्या सुईचा.

काम सुरू झालं. साध्या शिवणीला काही कळलं नाही. ताडपत्रीच्या दोन पदरांतून मशीन नेहमीसारखी चालली. पण कडेला कापड दुमडून चार पदर होतात, तिथं मधूनच एखादा टाका सुटू लागला. वरून दिसायचा नाही. बोट फिरवलं की कळायचं, दात पडलेल्या जागी जीभ जाते तसं. मी दोऱ्याला मेण जास्त लावलं. ताण बदलला. शटल काढून रॉकेलनं धुतली. सुईवर मात्र शंका घेतली नाही. कशी घेणार? दर वेळी मी तार ओवून बघत होते आणि दर वेळी ती नमुन्याशी तंतोतंत जुळत होती.

मशीनच थकली, असं मला वाटू लागलं. हिरव्या उजेडात बसून मी तिच्याशी बोलायची. "एवढं काम काढून दे गं. मग तुला वंगण पाजते, निजवते." दुपारी ताडपत्रीच्या घडीत डोकं टेकलं की एकच स्वप्न पडायचं. मोठं नेढं, देवळाच्या दाराएवढं, आणि त्यातून मी आत जाते आहे. पलीकडं पवना वाहते आहे आणि तिच्यात सोडलेल्या सगळ्या सुया उभ्या, अणी वर, पिकासारख्या डुलताहेत. मी त्यांतून चालते आहे आणि टोचत मात्र काही नाही. जाग आली की कानात मशीनचा आवाज असायचा आणि मशीन तर बंद असायची.

सुटलेल्या टाक्यांवरून मी हातानं दाभण घालून परत शिवण घेतली. जेवढे सापडले तेवढ्यांवरून. दिवाळीपर्यंत काम गेलं. आडत्यांनी ओढून बघितलं, मान डोलावली. आमचे हे म्हणाले, "झालं गं बाई एकदाचं." मला मात्र आनंद झाला नाही. बोटांना माहीत होतं.

कार्तिकात अवकाळी पाऊस आला. चाकणहून तळेगावच्या स्टेशनाकडं निघालेल्या गाड्या वाटेत सापडल्या. वाऱ्यानं ताडपत्री फुगली, काठाची शिवण एका टोकापासून उसवत गेली आणि कांदे भिजले. एक सुटलेला टाका शेजारच्याला घेऊन जातो, तो त्याच्या शेजारच्याला. ताडपत्री परत आली. एक म्हटलं होतं, तीन आल्या.

भावजी गाडी घेऊनच आले. सोबत चार गडी आणि जाऊबाई. मी दारात उभी राहिले. आत्याबाईंचा शब्द होता आणि मी हो म्हटलेलं होतं. मी व्यवहारात दिलेला शब्द फिरवला नाही कधी. गड्यांनी मशीन उचलली. जाऊबाईंनी शटल काढून आपल्या पदराच्या टोकात बांधली, वाटेत पडू नये म्हणून. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. मला वाटलं, माझ्या दुःखानं बघवत नसेल.

भावजी म्हणाले, "वाईट वाटून घिऊ नगं. बायामानसाला झेपायचं काम न्हाई ते."

गाडी बाभळींच्या मागं गेली, आणि मांडवात सगळीकडं साधा, पांढरा उजेड पडला.

चाकणच्या चुलीपुढं मात्र मी गेले नाही. कँपातल्या बायकांचे कपडे हातमशीनवर शिवले, कारखान्यातल्या लोकांची पोती शिवली, भांडले, वाचवलं आणि काही वर्षांनी दुसरी मोठी मशीन घेतली. ती वेगळी गोष्ट आहे आणि ती मी कुणाच्या उपकारानं केली नाही.

दुसरी मशीन यायच्या आधीच, भावजींच्या थोरल्या मुलीच्या हळदीला आम्ही चाकणला गेलो. घरभर झेंडू, अंगणात मांडव. मागच्या पडवीत आम्ही बायका हळद कालवत होतो. पुढं ओट्यावर पुरुषमंडळी. ओट्याच्या कोपऱ्यात माझी मशीन, अंगावर फडकं घेऊन. मी येताना तिच्याकडं एकदाच बघितलं होतं. भावजींच्या ताडपत्र्या आता खेडपर्यंत जात होत्या.

कुणीतरी पाहुण्यानं विचारलं, "अवो, हीच ना ती? धाकटीला चालली न्हाई म्हनं?"

भावजींचा आवाज मला भिंतीआडून स्वच्छ ऐकू आला. लग्नघरातला, खुशीतला. "चालंल कशी? खंडेनवमीला तिची सुईच बदलून दिली की. दिसायला तीच, पर दुसऱ्या घरची."

"आन् तिनं वळखली न्हाई?"

"देवाम्होरली वस्तू कोन तपासतंय? कोथिंबिरीची जुडी सोडून बघनारी बाई, कुंकू बघितलं आन् डोक्याला लावून घिऊन गेली!"

ओटा हसला. हशात सगळ्यात उशिरा थांबलेला आवाज त्यांचाच.

मी उठले. हात कोपरापर्यंत पिवळे. मधलं दार ओलांडून मी ओट्यावर आले. आमचे हे भिंतीला टेकून बसले होते. मी मशीनवरचं फडकं ओढलं, सुईचा स्क्रू सैल केला आणि सुई काढून घेतली. माझ्याकडं ते पुडकं अजून होतं. त्यातली एक सुई पदराला सदा टोचलेली असायची, काटा काढायला, दोरा ओढायला. दोघींच्या नेढ्यांतून मी माझ्या गजऱ्याची बारीक तार ओवली आणि सगळ्यांपुढं ताठ धरली. तिळाएवढा फरक. उन्हात तो गावाएवढा दिसत होता.

"भावजी," मी म्हटलं, "आता म्हणालात ते परत म्हणा. ह्यांच्या तोंडावर म्हणा."

"लग्नघर हाय," ते म्हणाले. "तमाशा नगं."

"तमाशा तुम्ही देवापुढं केलात."

तेवढ्यात मागून माझं मनगट कुणीतरी धरलं. जाऊबाई. त्यांचेही हात हळदीचे. त्यांनी माझ्या कानाशी तोंड आणलं. "धाकटे, आज न्हाई. पोरीची हळद हाय. मी सांगते तुला समदं. मागनं सांगते. माझ्या गळ्याची आन."

आतून मुलगी दाराशी येऊन उभी राहिली होती. अंगभर पिवळी, घाबरलेली. मी तिला अंगाखांद्यावर खेळवलं होतं. मी तार सोडली. एक सुई मशीनमध्ये परत बसवली, दुसरी पदराला टोचली आणि पडवीत येऊन उरलेली हळद कालवली. आत्याबाई बाजल्यावर पडून होत्या, त्यांना कानानं ऐकू येत नव्हतं. निवाडा फिरवायला आता कुणी नव्हतं.

जाऊबाई, हे लिहिताना मी तुमच्याशीच बोलते आहे. तुमची पणती वाचायला शिकली आहे, ती तुम्हाला वाचून दाखवील. भावजी गेले, आत्याबाई गेल्या, आमचे हेही गेले. ते जाईपर्यंत म्हणत राहिले, जाऊ दे. मी जाऊ दिलं नाही. भावजींना मी विचारलं असतं तर ते हसून मोकळे झाले असते. त्यांचं कारण मला कळतं. त्यांना दुकान घालायचं होतं आणि मी वाटेत होते. सौद्यात माणूस असं करतो. मीही कुणाकुणाला वाटेतून बाजूला केलं आहे, पण समोरून.

तुमचं मला कळत नाही. घटापुढं तुम्ही बसला होतात. हत्यारांना कुंकू तुम्ही लावता, त्या घरात दुसरं कुणी लावत नाही. डबी माझ्या हातात तुम्ही दिलीत. मशीन नेताना तुम्ही माझ्याकडं बघितलं नाहीत. तुम्हाला हे आधी माहीत होतं की मशीन गेल्यावर कळलं? की हळदीच्या दिवशी माझ्यासारखंच भिंतीआडून ऐकलंत? यातलं एक काहीतरी खरं आहे. मागून कळलं असेल तर मी तुमच्या घरी जेवायला येईन. आधीच माहीत असेल तर येणार नाही. पण इतकी वर्षं मी तुमच्या दारावरून जाते आहे आणि आत यावं की नाही ते मला ठरवता येत नाही.

तुम्ही मागनं सांगते म्हणालात. मी त्या दिवशी तुमच्यासाठी तोंड मिटलं, तुमच्या मुलीचं लग्न नीट पार पडलं, तिची मुलं मोठी झाली. आता तुमचीही पंचाऐंशी उलटली आहे, आणि गळ्याची आन घेतलेली बाई तशीच निघून जाईल की काय, अशी मला भीती वाटते. मी तसं होऊ देणार नाही. येत्या रविवारी मी चाकणला येते आहे. ओट्यावर बसेन. पाणीसुद्धा आधी घेणार नाही. मुलं, सुना, सगळे असू देत. तुम्ही बाहेर या, माझ्यासमोर बसा आणि सांगा.